बेबी मावशींचा ब्रेक

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाने भरायचा एक फॉर्म असतो. दोन पानी, सगळा इंग्रजीत. त्यातली शेवटून तिसरी ओळ मात्र मराठीत आहे आणि ठळक अक्षरांत: ‘डोळ्यात थेंब घालता का?’ नवीन मुलं कामाला लागली की हमखास विचारतात, “मॅडम, ही एकच लाइन मराठीत कशी? ट्रान्सलेट करायची राहिली का?” मी म्हणते, “विचारायची राहिली होती.” त्यांना ते कळत नाही आणि ऑपरेशनची वेळ झालेली असते, त्यामुळे ती पुढे खोदून विचारतही नाहीत. बरंच आहे.

ती ओळ माझी नाही. आमच्या ऑपरेशन थिएटरच्या बेबी मावशींची आहे. मावशींना लिहिणं सहीपुरतंच यायचं, तरी त्या दोन पानांवरचा सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांचा आहे. आणि तो छापून यायला त्यांचा डावा डोळा जावा लागला. त्यात माझा वाटा किती, हे मी अजून ठरवते आहे.

बेबी हे काही लाडाचं नाव नव्हतं. हजेरीवरही तेच होतं. “चार भावांच्या पाटी मी झाली. सगली बेबी, बेबी करायला लागली. मंग नाव ठेवायचं र्‍हायलंच,” असं त्या सांगायच्या. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, रुंद बांध्याच्या बाईला सर्जनपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे बेबी मावशी म्हणायचे आणि कुणालाही त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. त्या सारसोळ्याच्या. नेरूळच्या सोसायट्यांच्या मधोमध जे जुनं कोळ्यांचं गाव उरलं आहे, तिथल्या. मीही नेरूळलाच राहते, सहाव्या मजल्यावर. बिल्डिंग कुठली ते सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “म्हंजे आमच्या मिठागरावर र्‍हाता तुमी.” माझ्या बिल्डिंगखाली मिठागर होतं की नाही, देव जाणे. मी कराडहून आलेली. पण त्यांनी तसं म्हटल्यापासून आपण कुणाच्या तरी अंगणात न विचारता खुर्ची टाकून बसलो आहोत, असं मला अधूनमधून वाटायचं.

वॉर्डातून पेशंटला ट्रॉलीवर घालून थिएटरच्या दारापर्यंत आणायचं आणि नंतर परत न्यायचं, हे त्यांचं काम. सकाळी अबोलीचा गजरा माळून यायच्या. थिएटरच्या भागात फुलं चालत नाहीत, म्हणून तो उतरवून ओल्या कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायच्या आणि सुटी झाली की लॉकरच्या आरशासमोर पुन्हा माळायच्या. सुपरवायझर एकदा म्हणाला, “मावशी, घरी जाताना कशाला आता?” मावशी म्हणाल्या, “मंग काय तुज्यासाठी माळून येतंय का?” तो दोन दिवस त्यांच्या समोरून गेला नाही.

ट्रॉलीवर आडवा झालेला माणूस छताकडे बघत येतो आणि वाटेत काय काय मनात आणतो, हे मावशींना पक्कं माहीत होतं. त्या पेशंटला कामाला लावायच्या. “वरच्या ट्यूबलायटी मोजा. चवदा हायत. चवदावी आली का आमची मॅडमबाय येनार.” मॅडमबाय म्हणजे मी. मोठमोठे अधिकारी, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांसारखी दांडगी माणसं, सगळी माझ्यासमोर “बारा, तेरा” असं पुटपुटत यायची. एखाद्याच्या तेराच भरल्या तर मावशी ट्रॉली मागे घेऊन पुन्हा मोजायला लावायच्या. ऑपरेशनला उशीर झाला तरी चालेल.

आमच्या काही ऑपरेशनांना त्यांनी वटवाघूळ नाव ठेवलं होतं. “आज दोन वटवाघुलं हायत, मॅडमबाय.” ही काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओटीपोटातली काही ऑपरेशनं दुर्बिणीने करताना टेबल असं कलतं करतात की पेशंटचे पाय वर आणि डोकं खाली. आतडी छातीकडे सरकतात, सर्जनला मोकळी जागा मिळते. दोन-तीन तास माणूस तसाच. रक्त डोक्याकडे उतरतं, चेहरा सुजतो, पापण्या फुगतात आणि डोळ्यांच्या आतला दाब चढतो. धडधाकट डोळा ते सोसतो. काचबिंदू झालेल्या डोळ्याची नस मात्र आधीच दाबाने झिजलेली असते, तिला सोसेलच असं नाही. म्हणून अशा पेशंटचे दाब उतरवायचे थेंब ऑपरेशनच्या दिवशीही चुकू द्यायचे नाहीत, गरज पडली तर टेबलावर पुन्हा घालायचे, वायूऐवजी शिरेतून भूल द्यायची, सोबत दाब फार चढू न देणारं औषध सावकाश सोडत राहायचं, आणि सर्जनच्या मागे भुणभुण लावून टेबल कमी कलतं ठेवायचं, मधूनमधून सपाट करून घ्यायचं. एवढं करूनही खात्री कुणी देत नाही, पण करण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त पेशंटला काचबिंदू आहे, हे आधी ठाऊक हवं.

एपीएमसीच्या घाऊक बाजारातले कांद्याचे एक अडते होते, सत्तरीचे. प्रोस्टेटचं ऑपरेशन, म्हणजे वटवाघूळच. आदल्या दिवशी मी स्वतः त्यांचा फॉर्म भरला होता. कुठलं औषध चालू आहे? रक्तदाबाची गोळी. आणखी काही? नाही. सकाळी मावशी ट्रॉली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मॅडमबाय, ह्ये बाबा डोल्यान थेंब घालतात.”

“मावशी, फॉर्म झालाय त्यांचा,” मी म्हटलं. सकाळी माझा स्वभाव तसा बरा नसतो.

“फारम झाला असंल. थेंब नाय झालं. आज घातलंच नाय त्यांनी.”

मी बाबांना विचारलं, “काल मी औषधं विचारली तेव्हा बोलला नाहीत?”

बाबांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. “औषध विचारलंत, तर गोळी सांगितली. हे थेंब आहेत, बाई. डोळ्यात घालायचे.”

“मग आज का नाही घातले?”

“रात्रीपासून काही घ्यायचं नाही, असं तुमचाच माणूस सांगून गेला. मी चूळसुद्धा भरली नाही.”

इतका आज्ञाधारक पेशंट मला परत भेटला नाही. आम्ही त्यांच्या मुलीला फोन करून बाटली मागवली, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोललो, थेंब घातले, बाकी सगळी काळजी घेतली आणि दीड तास उशिरा सुरुवात केली. सर्जन दिवसभर माझ्याशी तुटक बोलत होते. बाबा नीट घरी गेले. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, की आमच्या लोकांच्या लेखी पोटात जातं ते औषध. डोळ्यात घालतात ते थेंब. औषध विचारलं की माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. दुसरी गोष्ट मावशींनी सांगितली.

“तुमाला कसं कळलं?” असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “पापन्या बगा ना त्यांच्या. म्हातार्‍या मानसाच्या डोल्याला पोरीसारखे लांब केस. आनि खाली कालं पडलंय. आमच्या बाला तसंच झालं होतं.” काचबिंदूच्या काही थेंबांनी पापण्यांचे केस वाढतात आणि डोळ्याखालची कातडी काळवंडते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मावशींनी ते बापाच्या तोंडावर वाचलं होतं.

त्यांचा बाप खाडीत जाळं टाकायचा. काचबिंदू निघाला, थेंब दिले. डोळा दुखत नव्हता, समोरचं स्वच्छ दिसत होतं, मग थेंब कशाला, म्हणून त्याने सोडून दिले. “बाजूचं दिसेनासं झालं. त्याला वाटायचं, सगल्यांचं तसंच असतं. एकदा बाजून होडी आली ती बघलीच नाय. आदळला तवा घरात कळलं.” पुढे पूर्णच दिसेनासं झालं. ओट्यावर बसून तो पावलांवरून माणसं ओळखायचा आणि मावशी आल्या की पिशवीत काय मासळी आहे तेही वासावरून सांगायचा. हे सांगताना त्या रडल्याबिडल्या नाहीत. बापाची नक्कल करून दाखवली आणि हसल्या. “दुखलं असतं त बरं झालं असतं,” एवढंच म्हणाल्या. काचबिंदू घराण्यात चालतो, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. मला ते सांगितल्याचं अगदी स्पष्ट आठवतं.

त्यानंतर प्रत्येक पेशंटला, हर्निया असो की पाय मोडलेला असो, मावशी विचारायला लागल्या: “डोल्यान थेंब घालता का?” शिकाऊ डॉक्टर त्यांना थेंब मावशी म्हणायचे, मावशींच्या आवाजात एकमेकांना चहाच्या वेळी विचारायचे. मीही हसायचे. मग एकदा बाहेरची तपासणीची माणसं येणार होती, सगळे धास्तावलेले, आणि नेमकं त्या आठवड्यात एक सर्जन दारात उभे राहून मला म्हणाले, “आता पेशंटची हिस्ट्री मावशी घेणार का?” चारचौघांत. मला ते झोंबलं. सर्जनला बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी मावशींकडे वळले. “मावशी, विचारायचं काम आमचं आहे. तुम्ही ट्रॉली ढकला.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

दुसर्‍या दिवशी त्या पेशंट घेऊन आल्या. दाराशी आल्यावर त्यांनी पायाने ट्रॉलीचा ब्रेक दाबला. खट्. आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “चला आत.” त्या हलेनात. “काय झालं मावशी?” काही नाही. सिस्टर आतून हाका मारतेय, पेशंट घाबरून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघतोय. शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पेशंटला विचारलं, “काका, डोळ्यात थेंब घालता का?” काका नाही म्हणाले. मावशींनी ब्रेक उचलला आणि ट्रॉली आत नेली. मी नंतर गाठलं तेव्हा डोळे मोठे करून म्हणाल्या, “मी कुठं काय विचारलं? मी ट्रॉली ढकलतंय.”

पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. खट् झालं की माझ्या तोंडून आपोआप प्रश्न यायचा. दोनदा-तीनदा उत्तर ‘हो’ आलं आणि आम्ही वेळेवर सावरलो. हॉस्पिटलात माझी कीर्ती झाली की मॅडम फार काटेकोर आहेत, डोळ्यांचं विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. मी ती कीर्ती मुकाट्याने घेतली. मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की विचारते आहे ती मीच.

मग मावशींच्याच गर्भाशयात गाठी निघाल्या. महिनोन्‌महिने अंगावरून जात होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रॉली ढकलताना कठडा धरून थांबायला लागल्या तेव्हा मी त्यांना ओढून आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. दुर्बिणीने पिशवी काढायची ठरली. “म्हंजे मी पन वटवाघूल,” मावशी म्हणाल्या आणि स्वतःच खो-खो हसल्या.

त्यांचा फॉर्म मी लॉकरपाशी उभ्या-उभ्या भरला. घरचंच माणूस, त्याला काय बसून विचारायचं? “गोळ्या?” “बीपीची, अर्धी.” “दमा, साखर?” “नाय.” “कशाची अॅलर्जी?” “सुपरवायझरची.” आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतली सिस्टर बघायला आली. मी जवळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, “मावशी, पापण्या काय सुंदर दिसतायत तुमच्या! मस्कारा लावता की काय?” त्या लाजल्या. तोंडावरून पदर फिरवला. मी सही केली.

हे वाक्य मी बोलले आहे. दुसर्‍या कुणी नाही. पापण्यांचे केस कशाने वाढतात हे मला माहीत होतं, बापाला काचबिंदू होता हे माहीत होतं, तो मुलांत उतरतो हे तर मीच त्यांना सांगितलं होतं. आणि मी मस्कारा म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली वॉर्डातल्या नव्या मावशीने आणली. तिला बिचारीला काय ठाऊक? ती दाराशी न थांबता सरळ आत आली. खट् झालं नाही. बेबी मावशी ट्रॉलीवर आडव्या, डोक्याला हिरवी टोपी. “चवदा भरल्या, मॅडमबाय,” म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, घाबरल्या. मी त्यांच्या गालावर थोपटलं आणि म्हटलं, “टेन्शन घेऊ नका, मी आहे ना.” आणि नेहमीची, वायूची भूल दिली. आमच्या मराठीत या कामाला भूल म्हणतात, आणि चुकीलाही भूलच म्हणतात. याची मी वर्षानुवर्षं थट्टा करत आले होते.

आतलं सगळं चिकटलेलं निघालं. ठरल्यापेक्षा फार वेळ लागला. तेवढा वेळ मावशी डोकं खाली करून होत्या आणि मी शेजारी बसून त्यांचा श्वास, नाडी, रक्तदाब बघत होते. डोळ्यांसाठी काहीच केलं नाही. थेंब नाहीत, शिरेतलं औषध नाही, सर्जनला टेबल सपाट करा म्हटलं नाही. थेंबांची बाटली माझ्याच खणात होती, त्यांच्यामुळेच ठेवलेली.

दुसर्‍या दिवशी मी राउंडला गेले तर म्हणाल्या, “डाव्या डोल्यासमोर धूर हाय, मॅडमबाय. मानसं धुरातून येतात.” डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दाब मोजला, आत बघितलं, आणि विचारलं, “मावशी, थेंब चालू होते का?”

“दोन वर्सं,” मावशी म्हणाल्या. “परवापास्नं नाय घातलं. इथं सगली वलखीची. कोन बगंल म्हनून.”

डॉक्टर माझ्याकडे वळून बघत राहिले. नंतर बाहेर त्यांनी मला समजावलं की हा डोळा आता परत यायचा नाही, पण नस आधीच पातळ झालेली होती, आधी किती गेलं आणि टेबलावर किती गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही. मी तेवढं वाक्य घट्ट धरून ठेवलं. कित्येक दिवस ते मी आंघोळ करताना, भाजी चिरताना स्वतःला ऐकवत होते.

बाटली डब्याच्या पिशवीत निघाली, गजर्‍याच्या कागदात गुंडाळलेली. मावशी कंत्राटावर होत्या. डोळा अधू आहे हे कळलं तर ट्रॉली काढून घेतील, याची त्यांना भीती होती. ट्रॉली गेली तर मग कुठेतरी तळघरात चादरी मोजत बसायचं. तिथे माणसं भेटत नाहीत.

हॉस्पिटलने माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहिलं: ‘काचबिंदूच्या उपचारांची माहिती रुग्णाने दिली नाही.’ एकच वाक्य. त्यात खोटं एक अक्षर नाही. माहिती त्यांनी दिली नव्हती हे खरंच होतं. मी मागितली नव्हती, हे मी लिहिलं नाही. लिहिताना मला ते सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. मी पेनचं टोपण लावलं. ते वाक्य पुढे कंत्राटदाराकडे गेलं आणि त्याने ‘आजार लपवला’ या कारणावर मावशींना परत घेतलं नाही. डोळाही गेला आणि वर खोटेपणाचा शिक्काही बसला. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. त्यांच्या लॉकरवर एक दिवस दुसरं नाव चिकटवलेलं दिसलं.

सारसोळं माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. मी वर्षभर तिकडे फिरकले नाही. मासळीसुद्धा दुसरीकडून आणायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिकडे ताजी मिळते. सारसोळ्यापेक्षा ताजी!

मग एका सकाळी एक गृहस्थ टेबलावर आले. त्यांच्या हाताला सुई लावून झाली होती, टेबल कलतं करायची तयारी चालली होती. मी तोंडावर मास्क धरायला वाकले आणि त्यांच्या पापण्या दिसल्या. लांब, दाट. मी मास्क खाली ठेवला. “थांबा सगळे,” मी म्हटलं, आणि विचारलं. ते म्हणाले, “हो, थेंब घालतो ना. आज नाही घातले.” तेव्हा मला कळलं की वर्षभरात मी एकाही पेशंटला तो प्रश्न विचारला नव्हता. दाराशी खट् होत नव्हतं, म्हणून मीही विचारत नव्हते. मुद्दाम टाळलं असतं तर निदान आठवलं तरी असतं.

त्या गृहस्थांचं आम्ही नीट केलं. मग मी केबिनमध्ये जाऊन दुसरं पत्र लिहिलं. ‘मी रुग्णाला डोळ्यांतील थेंबांबद्दल विचारले नाही. रुग्णाच्या वडिलांना काचबिंदू असल्याचे मला ठाऊक होते.’ खाली सही. वरचे साहेब म्हणाले, “आता कशाला, मॅडम? जुनं झालं ते.” मी म्हटलं, फाइलला लावा. आणि फॉर्मवर एक ओळ वाढवून हवी आहे, मराठीत. ओळ लगेच वाढली. पत्राचं पुढे काही झालं नाही. कंत्राटदारही बदलला होता.

पत्राची प्रत घेऊन मी सारसोळ्याला गेले. दुपार उतरत होती. मावशी ओट्यावर सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. केसांत अबोली. मी डावीकडून आले तर त्यांची मान वळली नाही. मी घसा साफ केला.

“कोन? मॅडमबाय?” त्यांनी उजव्या अंगाला चटई थोपटली. “हिकडं या. तिथं बसला त नुसता आवाज येतो, मानूस येत नाय.”

मी उजवीकडे जाऊन बसले. माझी मुलं, माझी कंबर, थिएटरमधली कोण कोण अजून आहे, सगळं त्यांनी विचारून घेतलं. ट्यूबलायटी चौदाच आहेत ना, हेही. मग मी पत्र काढून वाचून दाखवलं. आधीचं वाक्यही सांगितलं, मी काय लिहिलं होतं आणि काय लिहिलं नव्हतं ते. त्या सुकटीतला कचरा बोटांनी चाचपून काढत होत्या, तो हात थांबला नाही. माझं वाचून झालं. आतल्या घरात घड्याळाचे ठोके पडले.

“चार झालं. थेंब,” त्या म्हणाल्या आणि कमरेची पिशवी सोडली. दोन बाटल्या होत्या. “ही पयली. मंग पाच मिनटं थांबायचं, मंग ही. लगोलग घातलं त पयला धुवून जातो. तुमी घाला. माजा नेम चुकतो, गालान जातो सगला.”

त्यांनी मान मागे टाकली. मी खालची पापणी बोटाने ओढून धरली. एक थेंब उजव्यात, एक डाव्यात. मावशींनी डोळे मिटले आणि थेंब नाकात उतरू नयेत म्हणून दोन्ही हातांची बोटं नाकाजवळच्या कोपर्‍यांवर दाबून धरली.

“पाच मिनटं मोजा,” त्या म्हणाल्या.

समोरच्या घरावर जाळं वाळत घातलं होतं. पलीकडे आमच्या बिल्डिंगांच्या रांगा. मिटलेल्या डोळ्यांनीच मावशी म्हणाल्या, “तुमी विचारलं असतं ना, तरी मी नायच बोलली असती.”

मी त्यांच्याकडे बघितलं. बोटांआड चेहरा अर्धा झाकलेला होता. ट्रॉलीवरून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिलेले डोळे मला आठवले. त्या तेव्हा कशाची वाट बघत होत्या, हे त्यांचे डोळे उघडे असते तरी मला कळलं असतं का?

“खरं सांगता, मावशी?”

“झाली का पाच?” त्या म्हणाल्या.

मी घड्याळाकडे बघितलंच नव्हतं. दोन मिनिटं झाली असतील, नाहीतर सहा. ‘झाली’ म्हटलं असतं तर त्यांनी मुकाट्याने डोळे उघडले असते.

“माहीत नाही. माझं लक्ष नव्हतं,” मी म्हटलं.

“मंग परत मोजा,” डोळे न उघडता मावशी म्हणाल्या. त्यांनी पाय लांब करून चटईवर टाच टेकवली, ब्रेक दाबल्यासारखी, आणि स्वस्थ बसून राहिल्या. मी मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्यापासून मोजायला लागले, त्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने.